शून्य क्रमांकाच्या गाडीतल्या ड्रायव्हरला

श्री. डेमन हिल यांस,



बापाच्या आडनावावर मुलाचं कसं चालतं, याबद्दल आमच्याकडे लोकांची मतं पक्की असतात. राजकारण असो, नाटक-सिनेमा असो, क्रिकेट असो. मुलगा वर चढला की बापाची पुण्याई, आणि घसरला की बापाचं नाव घालवलं. फॉर्म्युला वन बघणारे मराठी लोक संख्येनं थोडे. पण त्यांच्यातही तुमचा विषय निघाला की हेच ऐकू येतं, आणि वर पुस्ती जोडली जाते: गाडी विल्यम्सची होती, त्या गाडीत कुणीही जिंकला असता. २०२५ साली तुमच्यावरचा 'हिल' हा माहितीपट आला, तेव्हा ही चर्चा पुन्हा कानावर पडली. म्हणून ठरवलं, जे म्हणायचं ते तुम्हाला उद्देशून आणि सगळ्यांसमक्ष म्हणावं.

माझं म्हणणं असं, की तुमच्या वाट्याला वारसा म्हणून आलं ते देणं होतं. ते तुम्ही फेडलंत आणि पुढे मुलाच्या डोक्यावर ठेवलं नाहीत. मोटारशर्यतीतल्या घराण्यांच्या इतिहासात मला यापेक्षा मोठी कामगिरी दिसत नाही. १९९६चं विश्वविजेतेपदसुद्धा मी तिच्याखालीच धरतो.

या खेळात घराणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मॅक्स व्हर्स्टापेन चार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला. वडील योस फॉर्म्युला वनमध्ये धावलेले, आई सोफी कुम्पेन कार्टिंगमधली नावाजलेली ड्रायव्हर. पोराचं इंजिन बाप स्वतः लावायचा, व्हॅनमध्ये कार्ट घालून युरोपभर फिरवायचा. आमच्या चेन्नईचे करुण चंढोक टीव्हीवर तुमच्या सोबतीला असायचे, म्हणून तुमच्या चांगल्या परिचयाचे. त्यांचे आजोबा इंदू चंढोक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी. वडील विकी रॅली धावलेले आणि पुढे देशाच्या मोटरस्पोर्ट महासंघाचे अध्यक्ष. अशा घरात मुलाला वर्कशॉप मिळतं, ओळखी मिळतात, कुठल्या वयात कुठल्या दारावर थाप मारायची ते कळतं. यात कमीपणा काहीच नाही. गवयाच्या पोराच्या कानावर पाळण्यातच तानपुरा पडतो, तसंच हे.

तुमच्या घरातही हे सगळं असायला हवं होतं. ग्रॅहम हिल म्हणजे साधं नाव नव्हे. चोविसाव्या वर्षापर्यंत ज्याच्याकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता, लोटसमध्ये जो मेकॅनिक म्हणून कामाला लागला, तो माणूस १९६२ आणि १९६८ असा दोनदा विश्वविजेता झाला. मोनॅको पाच वेळा जिंकला. १९६६ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकला, १९७२ साली ल मॉंची चोवीस तासांची. विश्वविजेतेपद, इंडियानापोलिस आणि ल मॉं हे तिन्ही मिळवणारा माणूस आजवर एकच झाला आहे. त्या बारीक मिशा, तो मिश्कील चेहरा, टीव्हीवरच्या गप्पा. इंग्लंडमध्ये ज्यांनी आयुष्यात शर्यत पाहिली नाही त्यांनाही तुमचे वडील ठाऊक होते.

आणि त्या घरात दुसरीही एक गोष्ट होती. १९६८ साली जिम क्लार्क गेला. १९७०च्या एका वर्षात ब्रूस मॅक्लॅरन, पिअर्स करेज आणि योखेन रिंट गेले. हे तुमच्या वडिलांचे सोबती. त्या काळातल्या ड्रायव्हरांची मुलं बापाच्या मित्रांच्या अंत्ययात्रा बघत मोठी झाली. शर्यतीच्या घराण्याबद्दल बोलताना हा भाग सहसा गाळला जातो. मुलाला गाडीची ओढ घरातून मिळते. फोन वाजल्यावर आईचा चेहरा कसा होतो, हेही घरातूनच मिळतं.

२९ नोव्हेंबर १९७५. तुमचे वडील शर्यतीतून निवृत्त होऊन जेमतेम काही महिने झाले होते. दक्षिण फ्रान्समधल्या पॉल रिकार्ड सर्किटवर स्वतःच्या संघाच्या गाडीची चाचणी आटोपून ते स्वतःच विमान चालवत परत येत होते. एल्स्ट्रीच्या धावपट्टीजवळ धुकं होतं. विमान आर्कलीच्या गोल्फ मैदानावर कोसळलं. विमानात सहा जण होते: तुमचे वडील, तेवीस वर्षांचा गुणी ड्रायव्हर टोनी ब्राइझ, आणि संघातली चार माणसं. कुणीही वाचलं नाही. तुम्ही पंधरा वर्षांचे होतात.

यानंतरचं आमच्या वाचकांना फारसं ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. विमानाची नोंदणी रद्द झालेली होती आणि वडिलांच्या वैमानिक-परवान्यातल्या काही मुदती संपलेल्या होत्या. विमा लागू झाला नाही. मृतांच्या कुटुंबांनी भरपाईचे दावे केले, आणि ते त्यांनी करायलाच हवे होते. त्यांच्या घरचीही कर्ती माणसं गेली होती. तुमच्या वडिलांची मालमत्ता त्यात गेली. मोठं घर गेलं. आईच्या पदरात तीन मुलं आणि एक आडनाव राहिलं.

मला इथे जरा थांबावंसं वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलाचा बाप गेला, हे दुःख तर आहेच. पण ज्या बापाला सगळा देश हिरो म्हणतो, त्याच्याच हातून आणखी पाच घरं उद्ध्वस्त झाली, हे त्या मुलानं कुठे ठेवायचं? रागवायचं तर कुणावर? तुम्ही पुढे चाळीस वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात या गाठीकडे सरळ पाहिलंत. मधली चाळीस वर्षं ती गाठ तुमच्यासोबत होती, आणि त्यातली कित्येक वर्षं ती घेऊनच तुम्ही ताशी तीनशे किलोमीटरनं गाडी चालवत होता.

बापाच्या पुण्याईबद्दल बोलणाऱ्यांनी विशीतला डेमन हिल पाहावा. बांधकामावर मजुरी. लंडनमध्ये मोटरसायकलवरून पार्सलं पोहोचवायची. उरलेल्या पैशांत आणि वेळात मोटरसायकलच्या शर्यती. मोटारीकडे तुम्हाला वळवलं ते आईनं, आणि तेही चारचाकी त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून. नवरा असा गेलेल्या बाईनं मुलाला शर्यत सोड म्हटलं नाही, निदान दोन चाकांवरून चारवर ये म्हटलं, यातली तिची घालमेल मी समजू शकतो. व्हर्स्टापेन सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला. तुम्ही तेविशीत गाडीची शाळा केलीत. फॉर्म्युला फोर्ड, मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला ३००० आणि त्यात तीन वर्षांत एकही विजय नाही. दरम्यान लग्न झालं, पहिला मुलगा ऑलिव्हर झाला, त्याला डाउन सिंड्रोम होता. घरात तान्हं मूल, हातात कायमचं काम नाही, वय तिशीला आलेलं. आडनावानं काय केलं असेल तर एवढंच, की दारं थोडी लवकर किलकिली झाली आणि आत गेल्यावर प्रत्येकानं तुम्हाला वडिलांशेजारी उभं करून मापलं.

हेल्मेटही तुम्ही तेच घेतलंत. गर्द निळं आणि त्यावर वल्ह्यांच्या पात्यांसारखे आठ पांढरे पट्टे. ती लंडन रोइंग क्लबची खूण. तुमचे वडील तिथे नाव वल्हवायचे. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो. वेगळं हेल्मेट घातलं असतं तर तुलना थोडी तरी टळली असती.

तुमची फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत १९९२ची ब्रिटिश ग्रां प्री, वय एकतीस. तुम्ही ज्यातून धावलात तो ब्रॅबहमचा संघ तेव्हा दिवाळखोरीच्या दारात होता आणि गाडी इतकी मंद, की बहुतेक शर्यतींत ती पात्रताफेरीतच बाद व्हायची. सिल्व्हरस्टोनला ती कशीबशी आत आली. त्या दिवशी नायजेल मॅन्सेल विल्यम्समधून जिंकला आणि लोक कुंपणं ओलांडून थेट ट्रॅकवर आले. तुम्ही सोळावे, शेवटचे, चार फेऱ्या मागे. आणि ज्या विल्यम्सनं मॅन्सेलला जिंकवलं, तिची चाचणी करणारे ड्रायव्हर तुम्हीच होता. आठवडाभर तुम्ही जगातली सगळ्यात वेगवान गाडी दुसऱ्यासाठी घडवायचात, आणि त्या रविवारी तीच गाडी चार वेळा तुम्हाला ओलांडून गेली. गाडी विल्यम्सची होती म्हणून जिंकला, असं म्हणणाऱ्यांना मी ही शर्यत सांगतो. ती गाडी तशी झाली त्यात तुमचेही हात होते.

पुढच्या वर्षी मॅन्सेल अमेरिकेला गेला आणि तुम्हाला जागा मिळाली. विश्वविजेता मैदानात नसल्यामुळे एक क्रमांक कुणालाच देता येत नव्हता. अलँ प्रोस्टला दोन मिळाला, तुम्हाला शून्य. विश्वविजेता होऊन प्रोस्ट निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या जागी आलेल्या आयर्टन सेनाला दोन, तुम्हाला शून्य. नाशिकला केबलवर शर्यती बघायला लागलो तेव्हा ती शून्याची गाडी मी पहिल्यांदा पाहिली आणि तिच्याकडेच बघत राहिलो. १९९३ साली सिल्व्हरस्टोनला तुम्ही आघाडीवर होता, इंजिन गेलं. जर्मनीत आघाडीवर होता, दोन फेऱ्या उरल्या असताना टायर गेला. मग हंगेरी जिंकलात, बेल्जियम जिंकलात, मोंझा जिंकलात. ओळीनं तीन.

मग इमोला. १ मे १९९४. आदल्या दिवशी रोलंड रॅटझनबर्गर गेला होता. त्या रविवारी आयर्टन सेना गेला, तुमच्याच संघाच्या, तुमच्यासारख्याच गाडीत. शर्यत पुन्हा सुरू झाली आणि तुम्ही त्याच गाडीत पुन्हा बसलात. गाडीत काय मोडलं हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. सहावे आलात. दोन आठवड्यांनी मोनॅकोत विल्यम्सची एकच गाडी उभी होती, तुमची. आणखी दोन आठवड्यांनी बार्सिलोनाला तुम्ही जिंकलात.

१९६८ साली क्लार्क गेल्यावर लोटसचा संघ कोसळण्याच्या बेतात होता. पाच आठवड्यांनी स्पेनमध्येच, हारामाच्या सर्किटवर, तुमचे वडील जिंकले आणि संघ उभा राहिला. सव्वीस वर्षांनी त्याच देशाच्या ग्रां प्रीत त्यांच्या मुलानं तेच केलं. विजेतेपदासाठी तुमच्याशी झगडणाऱ्या मायकेल शूमाकरची गाडी पाचव्या गिअरमध्ये अडकली होती, हे खरं आहे, आणि अडकलेल्या गाडीतही तो दुसरा आला हेही खरं. तो तेवढा मोठा ड्रायव्हर होताच. पण त्या दिवशी विल्यम्सच्या मेकॅनिकांना विजय हवा होता आणि तो मिळवायला तुम्हीच होता. मरणानंतर माणसांना कामाला कसं लावायचं, हे कुणी शिकवत नाही. तुम्ही ते लहानपणी घरात पाहिलेलं होतं. वडिलांकडून तुम्हाला खरोखर काही मिळालं असेल तर ते हे, असं मला वाटतं.

त्याच जुलैत तुम्ही सिल्व्हरस्टोन जिंकलात. ग्रॅहम हिलना ब्रिटिश ग्रां प्री कधीच जिंकता आली नव्हती. १९६० साली सुरुवातीलाच त्यांची गाडी बंद पडली, सगळ्यात मागून ते आघाडीपर्यंत आले, आणि थोड्याच फेऱ्या उरल्या असताना ब्रेक कमी पडून ट्रॅकबाहेर गेले. चौतीस वर्षं घरात राहिलेलं ते काम तुम्ही पुरं केलंत. करंडक राजकुमारी डायानाच्या हातून घेतानाचा तुमचा चेहरा मला आठवतो.

आणि सुझुका. १९९४ची शेवटून दुसरी शर्यत. मी पाहिलेल्या सगळ्या शर्यतींत ही वर ठेवतो, अगदी तुमच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीच्याही वर. पाऊस असा, की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा धूसर. मध्ये शर्यत थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि दोन्ही तुकड्यांची वेळ एकत्र धरायची ठरलं. म्हणजे पुढची गाडी डोळ्यांना दिसत असली तरी खरी लढत घड्याळाशी. पिटमध्ये तुमच्या गाडीचं मागचं उजवं चाक निघेना, तेव्हा तीन नवे टायर आणि एक जुना घेऊन तुम्ही बाहेर पडलात. पाण्यात, एका झिजलेल्या टायरवर, मागे शूमाकर, ज्याला पावसाचा राजा म्हणत. दर फेरीला अंतर घटत होतं. शेवटच्या फेरीत तुम्ही अशी काही गाडी चालवलीत, की साडेतीन सेकंदांच्या आत का होईना, शर्यत तुमची झाली. तुम्हाला पद्धतशीर, सावध ड्रायव्हर म्हणणाऱ्यांनी ती फेरी पुन्हा पाहावी.

मग एका आठवड्यानं ॲडलेड. फरक एका गुणाचा. छत्तिसाव्या फेरीत शूमाकर भिंतीला घासला. तुम्ही वळणावरून आलात तेव्हा तो रस्त्यावर परतत होता. तो घासल्याचं तुम्ही पाहिलं नव्हतं. आत जागा दिसली, तुम्ही घुसलात, त्यानं गाडी तुमच्यावर वळवली. त्याची गाडी हवेत उचलली गेली, तुमचा पुढचा सस्पेन्शनचा दांडा वाकला. ब्याण्णव गुण विरुद्ध एक्याण्णव. जगभर लोक आजही त्या वळणावर भांडतात. तुम्ही तक्रार नोंदवली नाहीत. सेना ज्या वर्षी गेला, त्या वर्षाचं विजेतेपद न्यायालयासारख्या खोलीत मिळवायचं नाही, असं तुमच्या मनात असावं, असा माझा अंदाज आहे.

१९९५ वाईट गेलं. सिल्व्हरस्टोनला आणि मोंझाला तुम्ही शूमाकरवर आदळलात आणि इंग्लिश वृत्तपत्रांनी तुमची सालं काढली. तिथे दोष तुमच्याकडे होता, असं मला वाटतं, आणि ते म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही. शूमाकर त्या वर्षी तुमच्यापेक्षा सरस होता.

१९९६. सोळाच्या सोळा शर्यतींत तुम्ही पहिल्या रांगेतून सुरुवात केलीत, आठ जिंकलात. समोर संघातलाच जॅक व्हिलनव्ह. त्याचे वडील जिल १९८२ साली झोल्डरला गेले, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. म्हणजे त्या वर्षीचं विजेतेपद बापाविना वाढलेल्या दोन मुलांमध्ये ठरलं, आणि दोघांचेही बाप याच खेळातले. एवढं एका वाक्यात सांगून वार्ताहर पुढे गेले. घराण्याचं तेज, रक्तातला वेग, असे मथळे झाले. रक्ताबद्दल एवढं लिहिताना त्या दोन मुलांचं बालपण कुणी फारसं विचारलं नाही.

आणि हे सगळं चालू असताना, तुम्ही गुणतक्त्यात पहिले असताना, बातमी आली की पुढच्या वर्षी विल्यम्सला तुम्ही नको आहात. त्या बातमीसह तुम्ही उरलेल्या शर्यती धावलात. १३ ऑक्टोबरला सुझुकाला व्हिलनव्हच्या गाडीचं चाक निखळलं आणि विजेतेपद तिथेच तुमचं झालं. तरी तुम्ही शर्यतही जिंकलीत. टीव्हीवर समालोचक मरी वॉकरना बोलणं अवघड झालं. विश्वविजेत्याचा मुलगा विश्वविजेता होण्याची ती पहिली वेळ. वय छत्तीस.

नंतरची वर्षं थोडक्यात. ॲरोज हा संघ त्याच्या साऱ्या आयुष्यात एकही शर्यत जिंकला नाही. सर्वांत जवळ तो पोहोचला १९९७ साली हंगेरीत, तुमच्यामुळे. आघाडीवर असताना, शेवटाला टेकलेल्या फेऱ्यांत हायड्रॉलिकनं दगा दिला आणि तुम्ही दुसरे आलात, व्हिलनव्हच्या मागे. पुढच्या वर्षी स्पाला, पावसात, तुम्ही जॉर्डन संघाला त्याचा पहिला विजय दिलात. तोच तुमचाही शेवटचा. एकूण बावीस.

१९९९बद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्या कारकिर्दीतलं हे वर्ष लोक टाळतात. सहकारी हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन त्याच गाडीत शर्यती जिंकत होता. तुम्ही हंगामाच्या मध्यावरच सोडायचं म्हणत होता, पण धावत राहिलात. शेवटच्या शर्यतीत सुझुकाला गाडी ट्रॅकबाहेर गेली, तुम्ही ती सावकाश पिटमध्ये आणलीत, उतरलात, आणि संपवलंत. गाडी चालू होती. त्याबद्दल तुमच्यावर फार टीका झाली. विश्वविजेत्यानं असं करायचं नसतं, म्हणे.

मी त्या क्षणाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. तुम्हाला तेव्हा चार मुलं होती. जोखीम घ्यायला मन तयार नसताना अशा गाडीत बसणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तुमचे वडील १९६९ साली वॉटकिन्स ग्लेनला दोन्ही पाय मोडूनही परत आले, आणि शेवटी १९७५ साली मोनॅकोत, जिथे ते पाच वेळा जिंकले होते, तिथे पात्रताफेरीतच बाद झाले. तेव्हा कुठे थांबले. ते थांबायला चुकले, असं मी म्हणत नाही. धाडसाची त्यांच्या काळची व्याख्याच तशी होती. तुमच्या घरात थांबण्याचा नमुनाच नव्हता. तो तुम्हाला स्वतः करावा लागला, आणि तो चारचौघांत, ओबडधोबड झाला.

त्या मोनॅकोत तुम्हाला कधीच जिंकता आलं नाही. १९९६ साली तुम्ही तिथे आघाडीवर होता आणि बोगद्यातून बाहेर येताना इंजिन फुटलं. पण २०१० साली तुम्ही त्याच मोनॅकोत पंचांच्या खोलीत बसला होता. शेवटच्या वळणावर, सेफ्टी कार ट्रॅक सोडून पिटमध्ये शिरल्यावर, कुणी तरी फर्नांडो अलोन्सोला ओलांडलं. ते कोण, हे सांगायची गरज नाही. पुनरागमन केलेला मायकेल शूमाकर. ॲडलेडला सोळा वर्षं झाली होती आणि त्याच्यावर निकाल द्यायला जगातल्या सगळ्या माणसांतून नेमके तुम्ही बसला होता. वीस सेकंदांची शिक्षा झाली, तो सहाव्यावरून बाराव्यावर गेला. त्यावरून तुम्हाला शिव्यांच्या मेल आल्या. त्या प्रकरणातलं तुमचं वागणं मला नेमस्त वाटलं. नियम संदिग्ध होता, हे तुम्हीही नाकारलं नाहीत, आणि पुढे तो नियम स्पष्ट करण्यात आला.

२०१६ साली आत्मचरित्र आलं. त्यात तुम्ही नैराश्याबद्दल लिहिलंत. निवृत्तीनंतर ते कसं अंगावर आलं, त्याचं मूळ १९७५च्या त्या रात्रीपर्यंत कसं जातं, आणि मदत घ्यावी लागली, हे सगळं. आमच्याकडे खेळाडूंची चरित्रं बहुतेक विजयांच्या यादीवर संपतात. बावीस शर्यती जिंकलेला माणूस सांगतो की आतून मी अजून त्या पंधराव्या वर्षातच अडकलो होतो, हे वाचून मराठी वाचकालाही काही मिळतं. आमच्याकडे कर्ता बाप गेला की थोरल्या मुलाला तेराव्याच्या आत घरातला पुरुष केलं जातं, आणि त्याचं रडणं राहून जातं. तुम्ही ज्याबद्दल लिहिलंत ते इथल्या कितीतरी घरांत आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, तिथे येतो. तुमचा मुलगा जॉशही शर्यतीत उतरला. फॉर्म्युला फोर्ड, फॉर्म्युला रेनो, मग २०१३ साली युरोपियन फॉर्म्युला थ्री. आणि त्या हंगामाच्या मध्येच, बावीस वर्षांचा असताना, त्यानं शर्यत सोडली. विश्वविजेत्यांची तिसरी पिढी घडावी म्हणून इंग्लंडमधल्या कितीतरी लोकांच्या मनात आकडेमोड सुरू होती. ती तिथेच थांबली. बातमी छोटी आली आणि विसरली गेली.

मला ती तुमच्या घराण्यातली सगळ्यात मोठी बातमी वाटते. एका हिलला थांबावंसं वाटलं आणि तो थांबला. कुणी मेलं नाही, कुणाचे पाय मोडले नाहीत, कुणाला शरम वाटून घ्यावी लागली नाही. मुलाला तसं करता आलं, यात बापाचा वाटा किती होता, हे तुम्हालाच माहीत. पण ज्या बापानं १९९९ साली टीका सोसून गाडीतून उतरायचं ठरवलं होतं, त्याच्या घरात ते बोलणं निदान शक्य तरी झालं असणार.

माझी विनंती एवढीच, की याबद्दल लिहा. मुलानं सांगितलं तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा काय वाटलं: हायसं वाटलं, की पोटात तुटलं, की दोन्ही? त्याला शर्यतीत उतरताना पाहून तुमच्या आईच्या जागी स्वतः उभं राहणं कसं होतं? पैसा, वर्षं आणि आशा घातल्यावर मुलाला मोकळं सोडताना बापानं नेमकं काय बोलावं आणि काय गिळावं? आज कार्टिंगमध्ये आठ-दहा वर्षांची मुलं आहेत, तुमच्या देशात आणि आमच्याकडेही. त्यांचे बाप कुंपणाला टेकून घड्याळ लावून उभे असतात. मुलाला वर कसं न्यायचं, हे सांगणारे त्यांना पायलीचे पन्नास भेटतात. मुलगा थांबतो म्हणाला तर काय करायचं, हे अधिकारानं सांगू शकेल असा विश्वविजेता माझ्या माहितीत एकच आहे.

ऑलिव्हरला, जॉशला आणि घरच्या सर्वांना शुभेच्छा. कळावे, लोभ असावा.

आपला,
शून्य क्रमांकाच्या गाडीचा नाशिककर चाहता